लगतधारक नसलेली मोजणी

शाळेत नाव घालायला गेलो त्या दिवशी हेडगुरुजींनी माझी जन्मतारीख 1 जून 1960 अशी लिहून टाकली. माझ्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र त्याच तारखेला जन्मलेला आहे. आई सांगायची, तू म्हाताऱ्या पावसातला. म्हणजे पुष्य नक्षत्रातला, जुलै सरता सरताचा. पण आईच्या पावसाला दाखला नव्हता आणि गुरुजींच्या तारखेला होता. त्यामुळे 31 मे 2018 रोजी संध्याकाळी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ घेऊन मी वाईच्या घरी परतलो. अडतीस वर्षं लोकांच्या हद्दी कायम करून दिल्या, आणि माझ्या नोकरीची शेवटची हद्द मात्र अशी अंदाजपंचे ठरलेली.

मी मोजणी खात्यात होतो. कागदोपत्री भूकरमापक, गावात 'मोजणीवालं साहेब'. 1980 मध्ये लागलो तेव्हा हातात शंकू साखळी आली. 33 फूट लांब, 16 आण्यांची. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो एक गुंठा, म्हणजे 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे झाले की एकर. कधी शाळेची पायरी न चढलेला शेतकरीही हा हिशेब तोंडी करायचा आणि आम्ही चुकलो की लगेच टोकायचा. साखळीनंतर तिपाईवरची फळी, मग डोळा लावून बघायची यंत्रं, आणि माझ्या शेवटच्या वर्षांत उपग्रहाशी बोलणारी काठी. यंत्रं बदलत गेली. बांधावरचं भांडण होतं तिथंच राहिलं.

मोजणीच्या आधी लगतधारकांना नोटीस जाते. लगतधारक म्हणजे ज्याची जमीन तुमच्या जमिनीला लागून आहे तो. हा सरकारी शब्द. घरात त्याला बहुधा भाऊ म्हणतात. मोजणीच्या दिवशी हे दोघे भाऊ दोन टोकांना उभे असतात, मध्ये आम्ही, आणि आमच्या मागे अख्खी आळी. दरवर्षी नांगराचा फाळ थोडा थोडा आत घालत एकाने बांध कोरलेला असतो. कोणी कोरला हे सगळ्या गावाला ठाऊक असतं आणि पंचनाम्यावर सही करायला कोणी पुढं येत नसतं. जुन्या टिपणावरचे आकडे घ्यायचे, जमिनीवर शाबूत असलेली एखादी खूण शोधायची आणि तिथून माप उभं करायचं. कधी हाताभर खोल उकरल्यावर हद्दीचा दगड लागतो. तो लागला की एकाचा चेहरा उजळतो, दुसऱ्याचा पडतो. अडतीस वर्षांत दोघांचे चेहरे एकदम उजळलेले मी चार-पाच वेळाच पाहिले असतील.

माझे पहिले वरिष्ठ सांगायचे, मोजणीला गेल्यावर पाणी प्यायचं तर दोघांकडचं प्यायचं, नाहीतर कोणाचंच नाही. मी दुसरा पर्याय धरला आणि घरून बाटली न्यायला लागलो. जावळी खोऱ्यातल्या एका वाडीत एक म्हातारी चहाची कपबशी घेऊन बांधावर उभी राहिली. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "बाबा, च्या पिल्यानं बांध सरकत न्हाई." तरी मी घेतला नाही. नियम म्हणून ते बरोबर होतं. माणूस म्हणून बरोबर होतं का, यावर माझं आणि आमच्या हिचं अजून एकमत झालेलं नाही.

चुकाही केल्या. साखळीने मोजताना दर साखळीमागे जमिनीत एक लोखंडी सळई रोवायची आणि शेवटी सळया मोजायच्या. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एकदा माझ्याकडून एक सळई उसाच्या पाचटात राहिली. एक सळई म्हणजे एक साखळी, एक साखळी म्हणजे 33 फूट. त्या 33 फुटांत एक विहीर होती. ती कागदावर उडी मारून शेजाऱ्याच्या गटात गेली. शेजाऱ्याने पेढे वाटले. त्या पेढ्यांपैकी दोन माझ्याही टेबलावर आले होते, हे सांगायला आज लाज वाटते. पुढे निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी झाली, वरच्या साहेबांनी चूक काढली, विहीर परत आली. पण त्या मधल्या वर्षभरात दोन घरांचं एकमेकांकडे जाणं-येणं बंद झालं, ते मोजणी दुरुस्त होऊनही सुरू झालं नाही.

निवृत्तीनंतर पहिल्या आठवड्यात मी पहाटे पाचला उठून नुसता बसायचो. पेपर, मग परत पेपर. आठवड्याने मृग लागला. संध्याकाळी पाऊस आला, आणि सवयीने माझ्या मनात प्रश्न आला: किती? चौकात उभ्या असलेल्या दहा जणांनी दहा उत्तरं दिली. 'चांगला झाला', 'नुसता शिडकावा', 'नांगर धरण्याइतका'. मला आकडा हवा होता. दुसऱ्या दिवशी पत्र्याची कामं करणाऱ्या चाचांकडे गेलो आणि 20 सेंटिमीटर व्यासाचं, काठाला धार असलेलं नरसाळं मागितलं. चाचा म्हणाले, "साहेब, तेलाचं की घासलेटचं?" पावसाचं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पैसे आधी मागून घेतले.

त्या नरसाळ्याचं तोंड 314 चौरस सेंटिमीटर. म्हणजे खालच्या बरणीत 31.4 मिलिलिटर पाणी जमलं की एक मिलिमीटर पाऊस झाला. माप औषधाच्या दुकानातून आणलं. पहिला महिनाभर माझे आकडे आळीतल्या कोणालाच पटेनात, मलाही. नंतर उमगलं, की बरणी कठड्याला खेटून ठेवल्यामुळे वाऱ्याकडचा पाऊस कठडाच अडवत होता, आणि उरलेल्या बाजूने शेजारच्या नारळाची झावळी जास्तीचं पाणी टाकत होती. थोडक्यात, इथेही दोन लगतधारक होतेच. बरणी गच्चीच्या मध्यावर नेली आणि सुटलो.

हवामान खात्याची रीत अशी, की सकाळी साडेआठला माप घ्यायचं. आधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावावर जातो. अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. मीही तेच पाळतो, पण वहीत एक रकाना नक्षत्राचा ठेवला आहे. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. माझ्या वहीत पहिल्याच काही वर्षांत एकदा म्हाताऱ्याने तरण्याला मागं टाकलं, तेव्हा मला उगाचच बरं वाटलं. कोरड्या दिवशी रकान्यात 'निरंक' लिहितो. हिने एकदा वही चाळली आणि विचारलं, "घरच्या वहीतही निरंक?" काय करणार, शून्य लिहायला हात वळत नाही.

आकड्याची एक गंमत शेतकऱ्यांना सांगितली की त्यांना पाऊस वेगळाच दिसायला लागतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. गुंठा सुमारे 101 चौरस मीटरचा, म्हणजे गुंठ्यावर एक मिलिमीटर पडला तर शंभर लिटर, एकरावर चार हजार. 'नुसता शिडकावा' म्हणून ज्याला नाक मुरडलं, तो पाच मिलिमीटर असला तर एकरभर रानात वीस हजार लिटर ओतून गेलेला असतो. आमच्या गच्चीवरून पसरणीचा घाट दिसतो. घाट चढून गेलं की पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर, जिथे सरासरीने वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. वाई त्याच्या पायथ्याशी, पण आमच्या वाट्याला त्याच्या पासंगालाही न पुरणारा. जुलैत कितीदा असं होतं, की माझ्या वहीत 'निरंक' असतं आणि कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढत ढोल्या गणपतीकडे निघालेलं असतं. नदी वरचा हिशेब सांगते, बरणी खालचा.

पाऊस संपल्यावर काय मोजायचं? ऑक्टोबरात गच्चीवर एक लोखंडी गज ओळंब्यात उभा केला आणि त्याच्या सावलीच्या टोकाला खडूने खुणा करायला लागलो. जुन्या ज्योतिषशास्त्रात सावली मोजण्याच्या अशा काठीला शंकूच म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. अडतीस वर्षं ज्या साखळीच्या नावात हा शब्द घेऊन फिरलो, तो असा साठीत भेटला. सावली सगळ्यात आखूड होते ती खरी मध्यान्ह. ती घड्याळाच्या बाराला होत नाही, हा पहिला धक्का. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं, वाई 73.9 वर. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर आमचा सूर्य घड्याळाच्या सरासरी 34 मिनिटं मागे. तेही वर्षभर सारखं नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह बारा वाजून अठराच्या सुमारास होते, फेब्रुवारीच्या मध्यात पावणेएकच्याही पुढे जाते. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, त्याचा हा परिणाम. मी हे सगळं उत्साहाने सांगितल्यावर ही म्हणाली, "मग जेवायला किती वाजता बसायचं तेवढं सांगा."

मेच्या 12 तारखेच्या आसपास वाईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि गजाची सावली गजाच्याच पायात नाहीशी होते. त्या दिवशी आळीतली पोरं पाण्याचे पेले, डबे घेऊन गच्चीवर येतात, एकाने तर क्रिकेटचा स्टंप आणला होता. दुसऱ्यांदा हे जुलैच्या अखेरीस घडतं, पण तेव्हा म्हाताऱ्या पावसाचे ढग असतात. इतक्या वर्षांत तो दिवस मला एकदाही साधलेला नाही.

मग मोडी लिपी शिकायला घेतली, तिचं कारण वेगळं. खात्याच्या दप्तरखान्यात एकोणिसाव्या शतकातली मूळ मोजणीची कागदपत्रं असायची, बरीचशी मोडीत. आपल्याकडची शास्त्रीय म्हणावी अशी मोजणी 1835 मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी सुरू केली. त्याआधी प्रिंगल नावाच्या साहेबाने केलेली मोजणी कागदावर फार हुशारीची होती, पण सारा इतका चढा बसला की लोक गावं सोडून गेले. पुढच्या दोघांनी हुशारी कमी केली, मातीची खोली आणि जात पाहिली, प्रतवारी ठेवली आणि सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. त्या मोजणीच्या पायावर आम्ही उभे होतो आणि त्या पायावरची अक्षरं मला वाचता येत नव्हती! एक जुने कारकून वाचून दाखवायचे. ते रजेवर असले की काम थांबायचं. ते निवृत्त झाले तेव्हा मला माझंच एक बोट गेल्यासारखं झालं, तरी शिकलो नाही. वेळ नव्हता असं मी म्हणायचो. खरं म्हणजे कमीपणा वाटत होता.

अठ्ठावन्नाव्या वर्षी वाईतल्याच एका ज्येष्ठ अभ्यासकांकडे पाटी घेऊन बसलो. मोडीत आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायची, हात शक्यतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. शब्द कुठे तुटतो ते लिहिणाऱ्याला ठाऊक, वाचणाऱ्याने शोधायचं. पण आधी रेघ ही गोष्ट मला लगेच जवळची वाटली. आम्हीही शेतात गेल्यावर आधी आधाररेषा टाकतो, मग तिच्या दोन्ही बाजूंना मापं लटकवतो. सहा महिन्यांत 'तेरीख' आणि 'बिदानद' असे जुन्या कागदांतले ठरावीक शब्द ओळखायला लागलो. गुरुजी म्हणाले, "अक्षर नाही, वळण वाचायचं." वर्षभराने ते कळलं.

त्यातला सगळ्यात मोठा आनंद सालांचा. जुन्या कागदांवर शुहूर सन असतो, अरबी आकड्यांच्या शब्दांत आणि तोही उलटा, एकं आधी. 'तिसा अशर मया अलफ' म्हणजे नऊ, दहा, शंभर, हजार: 1119. त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, की इसवी सन येतो, 1718-19. 599 की 600 हे कशावरून ठरतं? महिन्यावरून, कारण हा सन सुरू होतो सूर्य मृग नक्षत्रात गेल्यावर. म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. हे ऐकलं त्या दिवशी घरी येऊन मी पावसाची वही काढली. माझी वहीही मृगाला सुरू झाली होती, कोणी न सांगता. पेशव्यांचा कारकून आणि मी एकाच दिवशी नवं पान उघडत होतो. हे फक्त शेतीच्या देशात होऊ शकतं, आणि आपण मात्र 1 एप्रिलला हिशेबाची वही बदलतो, जेव्हा रानात काहीच चाललेलं नसतं.

जुनी मापंही त्यातच भेटली. पाच हात पाच मुठींची काठी, वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा. हात कोणाचा, मूठ कोणाची, हा प्रश्न तेव्हाच्या मोजणीदारालाही लोकांनी विचारला असणारच. मला त्याचं फार वाटतं. त्याने पाणी कोणाकडचं प्यायलं असेल?

बाकीचे उद्योग थोडक्यात. सकाळी घाटावरून चक्कर, महिन्यातून एकदा मेणवलीपर्यंत चालत, नाना फडणविसांच्या वाड्याकडे. दुपारी विश्वकोशाचा एखादा खंड. विश्वकोशाचं काम आमच्याच गावात चालत आलं, पहिला खंड 1976 मध्ये निघाला, आणि नोकरीत असताना मी त्या इमारतीवरून हजार वेळा गेलो असेन, आत एकदाही नाही. 'ओळंबा' बघायला जावं आणि 'ओरिसा' वाचत बसावं, असं तिथे होतं. भाकरीही शिकलो. गोल येते, फुगत नाही. ही म्हणते मी पीठ मळताना मोजतो, म्हणून.

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी भंगाराच्या ढिगात शंकू साखळी दिसली. किलोच्या भावाने घेतली. घरी आणून ताणून मोजली तर 33 फुटांवर तीन इंच जास्त. कड्या झिजल्या की साखळी लांबते, आणि लांब साखळीने मोजलेली जमीन कागदावर कमी दिसते. तीन इंच म्हणजे किरकोळ वाटतं. पण त्या साखळीने 40 गुंठे मोजलेल्या रानात प्रत्यक्षात त्याशिवाय आणखी अर्ध्या गुंठ्याहून थोडी जास्तच जमीन असणार. म्हणून हंगामाच्या आधी साखळी तपासून घ्यायची असा दंडक होता, आणि घाईत तो कितीदा मोडला जायचा हेही मला माहीत आहे. ती साखळी आता गच्चीच्या दाराला टांगली आहे. पाहुण्यांना वाटतं, शोभेसाठी.

पावसाला आणि सावलीला लगतधारक नसतात, हे मला यातलं सगळ्यात मोठं सुख आहे. मी 14 मिलिमीटर लिहिलं म्हणून कोणाचा भाऊ तुटत नाही. सावली पूर्वेला सरकली म्हणून निमताना मागायला कोणी येत नाही. मोडी मात्र तशी नाही. ती वाचता येते असं गावात कळल्यापासून लोक कागद घेऊन येतात, आणि बहुतेकांच्या डोळ्यांत जुनी ओळखीची चमक असते: यात आमची जमीन निघेल.

गेल्या दिवाळीनंतर दोन चुलतभाऊ आले. एकत्र नाही, एक सकाळी, एक दुपारी, एकाच कागदाच्या दोन झेरॉक्स घेऊन. पणजोबांना इनाम मिळाल्याचा कागद, असं घरात तीन पिढ्या सांगत आलेले. कोर्टात द्यायचा विचार होता. मी दोघांना दुसऱ्या दिवशी मूळ कागद घेऊन एकाच वेळी बोलावलं, दोघांच्या मध्ये बसलो आणि वाचायला घेतलं. जोंधळे इतके मण. गूळ इतका. तूप. पत्रावळी. वाजंत्र्यांचे इतके रुपये, त्यातले निम्मे बाकी. इनाम वगैरे काही नाही. घरातल्या एका लग्नाचा खर्च, आणि तळाशी वाजंत्रीवाल्याचं देणं राहिल्याची नोंद. दोघे बराच वेळ गप्प. मग थोरला म्हणाला, "म्हणजे तवाबी उधारीच हुती." धाकटा हसला. आमच्या हिने चहा आणला. तिघांनीही घेतला, मीसुद्धा.

दावा त्यांनी मागे घेतला का, ते मी विचारलेलं नाही.

तुमच्या घरी माळ्यावर, लाकडी पेटीत फडक्यात बांधलेले जुन्या कागदांचे रुमाल असतील तर ते बंबात घालू नका. आमच्याकडे कितीतरी घरांनी घातले. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये तर मुळीच बंद करू नका. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि वाचणाऱ्याला दाखवा. वाईला आलात तर माझ्याकडेही आणा. पैसे घेत नाही. लिहिलंय ते वाचून दाखवीन, जमीन कोणाची ते सांगणार नाही. आणि सकाळी साडेआठला तेवढं येऊ नका, तेव्हा मी गच्चीवर असतो.